विसणाचा हिशेब

गॅसची टाकी वेळेआधी संपली की घरात तपास सुरू होतो. पहिला संशय टाकीवरच: भरतानाच कमी भरली असणार. दुसरा गेल्या आठवड्यात येऊन गेलेल्या पाहुण्यांवर आणि त्यांच्यापायी तळलेल्या पुऱ्यांवर. तिसरा कुकरच्या चौथ्या शिट्टीवर. ती कोणाच्या फोनवरच्या गप्पांमुळे झाली याची घरात स्वतंत्र नोंद असते. ड्राय बाल्कनीत भिंतीला टांगलेला, पोटात दोन जाडे सेल घालून गप्प बसलेला गॅस गीझर मात्र साधा साक्षीदार म्हणूनही बोलावला जात नाही. दिसायला तो टपालपेटीइतका निरुपद्रवी. आवाज नळ उघडल्यावर ‘टक टक टक, भप्प’ एवढाच. आणि फटीतून दिसणारी ती निळी ज्योत इतकी सात्त्विक, की तिच्या हातून पापड भाजण्यापलीकडे काही घडेल असं वाटू नये. प्रत्यक्षात मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा साधा गीझर पूर्ण उघडला की तासाला जवळजवळ किलोभर गॅस खातो. शेगडीचे दोन्ही बर्नर मोठे करून ठेवले तरी त्यांना तेवढा गॅस संपवायला तीनेक तास लागतील. पुऱ्यांवर आळ घेण्याआधी एवढं माहीत असावं.

हा तपास मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यात फार सोयीने करता येतो, कारण तिथे आंघोळीच्या पाण्याचा सगळा इतिहास एकाच वेळी चालू आहे. (पनवेलजवळ एक नेरे आहे आणि भोर तालुक्यातही एक आहे. टाकीला नंबर लावताना तालुका नीट सांगावा.) हिंजवडी आणि मारुंजी ओलांडून कासारसाईच्या अंगाला गेलं की हे गाव लागतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची की नाहीत अशी वर्षानुवर्षं चर्चा चाललेल्या सात गावांपैकी हे एक. बाकीची हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, सांगवडे आणि गहुंजे. चर्चा चालू असताना इमारती मात्र थांबल्या नाहीत. त्यामुळे या पट्ट्यात एकीकडे अंगणातल्या चुलीवर हंडा चढवणारं घर, आणि रस्त्यापलीकडे चौदाव्या मजल्यावर टँकरचं पाणी कतारच्या गॅसवर तापवणारं घर, अशी शेजारशेजारची दोन शतकं दिसतात. जवळच कासारसाई-दारुंब्र्याला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना हंगामात उसाचं चिपाड जाळून पाण्याची वाफ करतो. साखर कारखान्यात एका भांड्यातून निघालेल्या वाफेवर पुढच्या भांड्यातला रस तापतो, त्याच्या वाफेवर त्याच्या पुढचा. पाणी तापवण्याच्या कलेतला एवढा काटकसरी गवई शेजारी असताना चौदाव्या मजल्यावर ही कला बेसूर का होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

माझं उत्तर असं, की गॅस गीझर हे यंत्र उधळं नाही. आपण तो बंब समजून वापरतो. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर तो तांब्याचा गोल, पोटाळ गृहस्थ असतो. मधून उभं नळकांडं, त्यात कोळसा, ढलप्या, करवंट्या, घरात सापडेल ते. भोवती पाणी, आणि खाली तोटी. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोके घालून हे गृहस्थ घडवले जात. बंबात पाणी थोडं आणि घरात माणसं फार, म्हणून पाणी कडकडीत तापवायचं आणि घंगाळात अर्धं ते, अर्धं गार घ्यायचं. या गार पाण्याला आपल्याकडे विसण असा स्वतंत्र शब्द आहे. आंघोळीच्या गरम पाण्यात घालायच्या गार पाण्याला वेगळं नाव देणारा समाज हा विषय गंभीरपणे घेतो यात शंका नाही. विसण ही साठवणीच्या काळातली युक्ती होती. उष्णता एका भांड्यात दाबून भरायची आणि मग गार पाण्याने ती सात जणांत पुरवायची. पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढतं, तसंच. बंब पेटायलाही वेळ लागे, म्हणून ‘बंब पेटवून ठेव’ ही पहाटेची पहिली आज्ञा. पेटलेला बंब थांबवता येत नसे, म्हणून पाठोपाठ आंघोळी. उरलेलं ऊन पाणी भांड्यांना, धुण्याला. या सगळ्यात एक रीत होती आणि त्या यंत्राला ती शोभत होती.

गॅस गीझरला पोटच नाही. आत तांब्याची वळवलेली नळी आणि तिच्याखाली ज्योत. या टोकाने पाणी गार शिरतं आणि त्या टोकाने ऊन होऊन निघतं. साठा शून्य. पाणी वाहू लागलं की दाबाने आतला पडदा सरकतो, गॅस सुटतो, सेलची ठिणगी पडते. पाणी थांबलं की सगळं विझतं. विजेचा साठवणीचा गीझर ही भरल्याशिवाय न सुटणारी वडाप जीप असेल, तर गॅस गीझर ही मीटरची रिक्षा आहे: बसलात की मीटर चालू, उतरलात की बंद. हे यंत्र १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉगन नावाच्या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने काढलं आणि त्याला आइसलँडच्या उष्ण कारंज्याचं नाव दिलं. (मॉगन राजापूरचा असता तर आज आपण ‘उन्हाळं बंद कर रे’ म्हणालो असतो.) पुढे जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी १८९५ साली डेसाऊला गॅसवरचे पाणतापवे बनवण्याचा कारखाना काढला, त्यात हात बसल्यावर विमानांकडे वळले आणि १९१५ साली संपूर्ण धातूचं विमान उडवून दाखवलं. म्हणजे ज्या डोक्यातून पत्र्याचं विमान निघालं त्याच डोक्यातून आपल्या ड्राय बाल्कनीतल्या यंत्राचे पूर्वज निघाले. एवढ्या हुशार यंत्राला आपण ‘पेटवून ठेव’ म्हणतो. घरातला एक जण आतून ओरडतो, ‘गीझर लाव रे’. दुसरा जाऊन नळ सोडतो. पहिला मग टॉवेल शोधतो, दाराआड उभं राहून दोन मेसेज वाचतो, आणि तोवर रिक्षा दाराशी मीटर टाकून उभी असते.

आता थोडा हिशेब, कारण हिशेबाशिवाय काटकसरीवर बोलणं म्हणजे नुसतं पुणेरी पाटी लिहिणं. अठरा लिटरची बादली घेऊ. डिसेंबरात टाकीतलं पाणी १८ अंशांना आणि अंगावर घ्यायचं ४२ अंशांना, म्हणजे २४ अंशांची चढण. त्याला ४३२ किलोकॅलरी उष्णता लागते. यंत्राच्या तोंडून आणि धुरावाटे पाचवा हिस्सा गेला असं धरलं तर ५४० द्यावी लागते. किलोभर एलपीजीत साधारण १०,९०० किलोकॅलरी असतात. म्हणजे हिवाळ्यातली एक बादली पन्नास ग्रॅम गॅसची. एप्रिलात पाणीच २८ अंशांना येतं आणि ३८ पुरे होतं. तेव्हा वीसेक ग्रॅम. १४.२ किलोची टाकी २०२५ च्या एप्रिलमधल्या पन्नास रुपयांच्या वाढीनंतर साडेआठशेच्या घरात गेली, त्या दराने किलोला साठ रुपये धरले तर हिवाळी बादली तीन रुपयांना पडते. तीन रुपयांत आज कटिंग चहा येत नाही. गावठाणातल्या चुलीचा हिशेब याहून डोळे उघडणारा आहे. उघड्या चुलीतली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, बाकीची अंगण, मांजर आणि शेजारी यांना मिळते. म्हणून त्याच बादलीला जवळजवळ किलोभर लाकूड लागतं. पन्नास ग्रॅम विरुद्ध एक किलो. तरीही १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आल्यावरसुद्धा अनेक घरांत चहा गॅसवर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर असा संसार चालू राहिला, आणि त्यात अडाणीपणा काही नाही. काटकी बांधावर मिळते, टाकीला रोख मोजावे लागतात. शिवाय हंड्याला तळ असतो. चुलीवर तापवणाऱ्याला आपण किती पाणी तापवलं ते नेमकं माहीत असतं. चौदाव्या मजल्यावरच्या माणसाला ते माहीत नसतं, आणि तपासाचा धागा खरं तर इथेच आहे.

पण आधी एक निर्दोष आरोपी सोडून द्यायला हवा. घराघरांत असा समज आहे की कडक पाणी काढून त्यात विसण घालणं म्हणजे गॅसची नासाडी. तापवायचं आणि पुन्हा गार करायचं, हे शहाण्याचं काम वाटत नाही खरं. पण नऊ लिटर पाणी ६६ अंशांना तापवून त्यात नऊ लिटर १८ अंशांचं घातलं, काय किंवा अठरा लिटर सरळ ४२ ला तापवलं, काय: उष्णता तितकीच लागते. विसण उष्णता खात नाही, नुसती पसरवते. तेव्हा विसणावरून सुनेला बोलणाऱ्या सासूने आणि सासूला बोलणाऱ्या सुनेने निदान भौतिकशास्त्राचा आधार तरी घेऊ नये. मात्र विसण निर्दोष असलं तरी त्याची संगत वाईट आहे. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार असतात आणि पाणी साठ अंशांच्या वर गेलं की ते तांब्याच्या नळीला आतून भराभर चिकटतात. हा पांढरा थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही; ती वरच्या वर धुराड्यातून निघून जाते. वर्षभराने गीझर ‘पूर्वीसारखा तापवत नाही’, म्हणून ज्योत आणखी मोठी, पाणी आणखी कडक, थर आणखी जाड. शिवाय मिक्सरच्या नळात गार बाजू जास्त उघडली की गीझरमधून जाणारी धार बारीक होते, आतला पडदा मागे येतो आणि ज्योत विझते. डोक्यावर साबण असताना येणाऱ्या त्या एका गार सपकाऱ्याचं मूळ हे आहे. वरच्या मजल्यांवर दाब कमी, तिथे तर हा खेळ रोजचा. तेव्हा ज्योत एवढी बारीक ठेवावी की निघणारं पाणी सरळ अंगावर घेता यावं. यंत्राला त्यासाठी हिवाळा-उन्हाळ्याची वेगळी कळ असते. बहुतेक घरांत ती गीझर बसवणाऱ्या कारागिराने ज्या दिवशी जिथे ठेवली तिथेच असते, आणि त्या घरात मग बारा महिने तोच एक दिवस चालतो.

दुसरा संशयित पाइप. ड्राय बाल्कनीपासून न्हाणीघरापर्यंतच्या नळीत गार पाणी अडकलेलं असतं ते आधी वाहून जातं, म्हणून घरातल्या सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी कराव्यात, असा उपदेश फार होतो. उपदेश खोटा नाही, फक्त त्यातली शिल्लक पाहावी. अर्ध्या इंची नळीत मीटरला पाव लिटरही पाणी मावत नाही. आठ मीटरच्या नळीत दीड लिटर धरा. पाच जणांनी पाच वेगळ्या वेळी आंघोळ केली तर साडेसात लिटर ऊन पाणी नळीत निवतं, म्हणजे सव्वा रुपया. एवढ्यासाठी शाळा, कॉलेज, लॉगइन आणि देवपूजा यांचं एकच वेळापत्रक करायला निघालेल्या माणसाने सव्वा रुपयाचा नारळ फोडून विषय सोडलेला बरा. या नळीत खरी गळती वेगळीच आहे आणि ती कोणाला दिसत नाही. बेसिनच्या नळाची एकच दांडी असते आणि ती सवयीने मधोमध राहते. दिवसातून वीस वेळा कोणी हात धुतं, कोणी चष्मा धुतं, कोणी ब्रश ओला करतं. प्रत्येक वेळी बाल्कनीत ‘टक टक टक, भप्प’ होतं, गीझर लिटर-दीड लिटर पाणी निष्ठेने तापवतो, आणि ते ऊन पाणी नळीच्या टोकाला पोचेपर्यंत हात पुसून माणूस गेलेला असतो. बोलावलं कोणी हे त्या पाण्याला कधीच कळत नाही. दांडी उजवीकडे गाराच्या बाजूला सरकवून ठेवणं हा या सगळ्या शास्त्रातला सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

आता मुख्य आरोपी. त्याचं नाव शॉवर असं सांगून मोकळं होता येईल, पण तो नुसता नळ आहे; खरा गुन्हा त्याला तळ नसण्याचा. मिनिटाला सहा लिटर या धारेने दहा मिनिटं म्हणजे साठ लिटर, म्हणजे सव्वातीन बादल्या, म्हणजे १६५ ग्रॅम गॅस. चार माणसांचं कुटुंब हिवाळ्यात बादलीने आंघोळ करत असेल तर नुसत्या आंघोळीला टाकी सत्तर दिवस पुरते, शॉवरने एकवीस. मधल्या एकोणपन्नास दिवसांत कुठल्या पुऱ्या तळल्या होत्या ते शोधत बसू नये. आणि दहा मिनिटं ही कबुलीतली दहा मिनिटं आहेत. ऊन पाण्याखाली उभं राहिल्यावर घड्याळाचा काटा वेगळ्या नियमाने चालतो. राग, अप्रेझल, लग्नाचा प्रस्ताव, पाच वर्षांपूर्वीच्या भांडणात सुचायला हवं होतं ते उत्तर, सगळं तिथेच सुचतं. त्या उत्तराला गॅस लागतो, एवढंच. बंबाच्या काळातली बादली इथे कामी येते. तिला तळ आहे आणि काठ आहे. ती भरली की दिसते, संपली की कळते, आणि शेवटचा तांब्या खरवडून घेताना ‘आता पुरे’ हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही. म्हणून माझं मत असं, की जुन्या काळातलं विसण सोडावं आणि बादली ठेवावी. आपण नेमकं उलट केलं: बादली गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेली आणि कडक पाणी काढून त्यात गार मिसळायची सवय आंघोळीत राहिली.

यावर पहिला आक्षेप येतो तो कडकडीत पंथाचा. पाण्यातून वाफ निघाली पाहिजे, पाठ लाल झाली पाहिजे, त्याशिवाय आंघोळ केल्यासारखी वाटत नाही. या पंथाला माझा विरोध नाही, पण त्याचा दावा तपासून पाहण्यासारखा आहे. ४२-४३ अंशांच्या वर पाणी अंगावर सोसवेनासं होतं. सत्तर अंशांचं पाणी काढणारा वीरही शेवटी विसण घालून बेचाळिसावरच येतो. मधली सत्तरी फक्त बादलीला आणि आरशावरच्या वाफेला भेटते. दुसरा आक्षेप वीजवाल्यांचा. त्याच अठरा लिटरच्या बादलीला अर्धं युनिट वीज लागते. महावितरणच्या पहिल्या शंभर युनिटांत राहणाऱ्या घराला गॅस आणि वीज जवळजवळ सारखीच पडते. पण दोन फ्रिज, वॉशिंग मशीन आणि घरून काम असणारं कुटुंब शंभरात राहत नाही, आणि त्यापुढे दर बराच चढतो. तिसरा आक्षेप गच्चीवरच्या सौर बंबाचा, आणि तो सर्वात वजनदार. ऊन फुकट आहे आणि गच्ची आपलीच आहे. अडचण अशी की गच्चीवरचं पाणी चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याच्यापुढे बरंच गार पाणी वाहून जातं. टँकरचं पाणी वाहून सूर्याची किंमत वसूल करायची, हे गणित काही जुळत नाही. आणि मुळशीचा पाऊस सुरू झाला की जून ते सप्टेंबर सूर्य रजेवर असतो. ज्यांच्याकडे सौर पाणी येतं त्यांनी ते जरूर घ्यावं, फक्त सोडलेलं गार पाणी बादलीत धरून. पुन्हा बादलीच.

चौथा आक्षेप मात्र तोऱ्यात येतो: आम्ही पैसे भरतो, तुमचं काय जातं? हिंजवडीत पगार घेणाऱ्याला हिवाळ्यात महिन्याचे आठशे रुपये वाचले काय आणि गेले काय, हे मान्य. पण टाकी एकविसाव्या दिवशी संपते ती संध्याकाळी निवांतपणे संपत नाही. ती सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, डोक्यावर शाम्पू आणि पावणेआठला कंपनीची बस असताना संपते. मग नंबर लावा, मोबाइलवर आलेला आकडा जपून ठेवा, आणि हिंजवडीच्या चौकातल्या वाहतुकीतून तो टेम्पो कधी वाट काढतो त्याची वाट पाहा. भारताला लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, बराचसा आखातातून. तो समुद्र ओलांडून येतो तो वेळेवर. शेवटच्या चार किलोमीटरना आठवडा लागतो. एकाच टाकीवर शेगडी आणि गीझर दोन्ही असलेल्या घरात तर हा वाद आंघोळ विरुद्ध पोळी असा समोरासमोर होतो. घरगुती रेग्युलेटर ठरावीक दाबाने आणि ठरावीक गॅस सोडतो. गीझर भप्पकन पेटला की तव्याखालची ज्योत खाली बसते. पोळीला पापुद्रा धरेना की आत कोणीतरी मोठ्या आवाजात गात आहे असं समजावं. (टाकी घेताना काट्यावर वजन करून घ्यावं, हे मात्र खरं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे. एवढं केलं की निदान पहिला संशयित कायमचा सुटतो.)

एका ठिकाणी मात्र काटकसर थांबली पाहिजे आणि तिथे विनोदही जरा बाजूला ठेवतो. पाण्यातली ऊब टिकावी म्हणून न्हाणीघराची खिडकी लावून घेण्याची आपल्याला सवय आहे. बंबाच्या काळी ती चालून गेली, कारण न्हाण्या बहुधा परसात आणि फटींनी भरलेल्या. किलोभर एलपीजी नीट जळायला पंधरा किलोंहून जास्त हवा लागते. गीझर आतच बसवलेला असेल आणि आंघोळ पंधरा मिनिटांची असेल, तर पाच फूट बाय सात फुटांच्या खोलीतली एक तृतीयांशाहून अधिक हवा तो एकटा वापरतो. उरलेल्यात माणसाने श्वास घ्यायचा असतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट ओढीने चिकटतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं, एवढंच. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. मॉगनच्या पहिल्या यंत्राला धुराडं नव्हतं आणि तोच त्याचा मोठा दोष होता. दीडशे वर्षांत जगाने ते धुराडं लावलं, आणि आपण पुष्कळ ठिकाणी यंत्र पुन्हा बंद खोलीत नेऊन टांगलं. गीझर बाहेर, उघड्या बाल्कनीत, धुराला वाट ठेवून. ज्योत पिवळी दिसू लागली की कारागीर बोलवायचा. तिथे पन्नास ग्रॅमचा हिशेब करायचा नाही. आणि खिडकी लावून घेतल्याने पाणी फार वेळ ऊन राहतं असंही नाही. गार वारा लागल्यावर माणूस आंघोळ लवकर आटोपतो. गॅस त्यात जास्त वाचतो.

बहुतेक गीझरांना वीस मिनिटांनी आपोआप विझण्याची सोय असते, आणि घरातल्या सगळ्या यंत्रांत ‘पुरे’ म्हणणारं हे एकटंच आहे. टीव्ही म्हणत नाही, फोन म्हणत नाही, फ्रिज तर उघडा ठेवला तर नुसता ओरडतो. या सोयीचा अपमान आपण रोज करतो: विझला की नळ बंद, नळ चालू, आणि पुन्हा वीस मिनिटं. फक्त वर्षातला एक दिवस असा येतो की चौदाव्या मजल्यावरचं घर या यंत्राला यंत्रासारखं वागवतं. नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी व्हायला हव्यात, नाहीतर नरक. एवढी धमकी असल्यावर टॉवेल आदल्या रात्रीच सापडतो. अंगाला तेल-उटणं लावून रांग तयार असते, शॉवरला कोणी हात लावत नाही कारण उटणं बादलीतल्या तांब्यानेच निघतं, आणि पुढचा माणूस दार वाजवत असल्यामुळे जुन्या भांडणांची उत्तरं कोणाला सुचत नाहीत. सहा माणसं, अठरा-अठरा लिटरच्या सहा बादल्या, एकशे आठ लिटर. मिनिटाला सहा लिटरने ही माळ अठरा मिनिटांत पुरी होते. गॅस तीनशे ग्रॅम, रुपये अठरा. यंत्राच्या वीस मिनिटांतली दोन उरतात. फ्लॅटला अंगण नसल्यामुळे कारीट ड्राय बाल्कनीतच, गीझरच्या खाली फोडावं लागतं, आणि ती उरलेली दोन मिनिटं त्यानंतर टाच धुवायला जातात.